शरदाला रंगवलेली पानं कशाला?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत शरद ऋतूच्या स्वागताचं एक अख्खं पान होतं. दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या, दाराला केशरी पानांची माळ, टेबलावर कोरलेला भोपळा आणि खिडकीशी शाल पांघरून कॉफी पिणारी एक बाई. छपाई छान होती. मी ते पान गिरणीत बसून वाचलं. वर पत्रा तापलेला, खाली मोटर तापलेली, मधे मी. दळण न्यायला आलेल्या एका आजींनी माझ्या खांद्यावरून त्या शालवालीकडे बघितलं आणि विचारलं, "हाई बाईले ताप येल शे का?"

आजींचा प्रश्न रास्त वाटला, म्हणून हे पत्र.

मी चोपड्याची. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधल्या काळ्या पट्ट्यात कापूस नि केळी. पिठाची गिरणी सासऱ्यांनी टाकली, आता मी चालवते. मालक एसटीत आहेत. शरदाचं स्वागत करावं हे मला मनापासून पटतं. गणपती उठले की लोकांची नजर थेट दिवाळीवर जाते, आणि मधला सगळा काळ "काय उकडतंय हो" म्हणण्यात संपतो. पण स्वागत करायचं तर जो पाहुणा आपल्या दारात आलाय त्याचं करावं. दुसऱ्याच्या गावी उतरलेल्या पाहुण्याला आपल्या उंबऱ्यावर उभं राहून ओवाळायचं, याला काय म्हणावं?

तिकडची पानगळ खोटी नाही. थंड मुलखात सप्टेंबरनंतर दिवस झपाट्याने आखूड होतात, गारठा सुरू होतो, तशी झाडं पानांतला हिरवा रंग मोडतात आणि त्यातलं कामाचं तेवढं खोडाकडे ओढून घेतात. हिरवा गेला की आधीपासून खाली दडलेला पिवळा उघडा पडतो. मॅपलसारख्या झाडांत लाल रंग तर त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. बघण्यासारखंच असणार ते. आमच्याकडची झाडं मात्र थंडीला भिऊन पानं टाकत नाहीत, जमिनीतलं पाणी तुटलं म्हणून टाकतात, आणि तेही बरंच पुढे. साग, सालई, पळस बोडके होतात ते माघ-फाल्गुनात. आश्विनात सातपुडा हिरवागार असतो. पावसाने धूळ बसलेली असते, हवा निवळलेली असते. उन्हाळ्यात नुसती धुरकट रेघ वाटणारा डोंगर या दिवसांत इतका जवळ येतो की त्याच्या घळी वेगवेगळ्या दिसतात. संध्याकाळी गच्चीवर जाऊन दहा मिनिटं उत्तरेकडे तोंड करून बसलं तरी माझ्या मते शरदाचा अर्धा सण झाला.

नातीच्या शाळेत गेल्या वर्षी ‘ऑटम डे’ होता. घरून वाळलेली पिवळी पानं आणा, असा निरोप आला. महिना सप्टेंबरचा, आणि आमच्या गल्लीत औषधालाही वाळलेलं पान नाही. शेवटी सुनेने पिंपळाची हिरवी पानं तोडली आणि पोस्टर कलरने केशरी रंगवायला घेतली. पिंपळाचं पान मेणचट, त्यावर रंग धरेना. पानापेक्षा पोरीचे हात जास्त केशरी झाले. त्या वेळी शाळेच्या कुंपणाबाहेर तरोटा पिवळाधमक फुललेला होता आणि कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे डुलत होते. पोरांना रांगेने तिथवर नेलं असतं तर कार्यक्रम बिनखर्चात झाला असता. शाळा चांगली आहे, बाई मेहनती आहेत. पण कार्यक्रमाची यादी कुठून तरी तयार येते आणि ती राबवली जाते, हे खरं दुखणं.

आता माझं म्हणणं सांगते. ते मी माझ्या जागेवरून, म्हणजे चक्कीच्या मागच्या स्टुलावरून सांगणार.

ऋतू मला लोकांच्या डब्यातून कळतो. पितृपाटात हरभऱ्याची डाळ येते, गिलक्याच्या भज्यांच्या बेसनासाठी. घट बसायच्या आधी उपवासाचं दळण येतं: भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. त्यासाठी चक्की उघडून पुसावी लागते, पिठाची कापडी नळी झटकून उन्हात टाकावी लागते. आधीच्या बाजरीचा एक कण राहिला तरी बाया बोटावर पीठ घेऊन चाखतात आणि सांगतात, म्हणून उपवासाला सकाळची वेगळी वेळ ठेवते. दसरा सरला की चकलीची भाजणी आणि लाडवाचं जाडसर बेसन. आणि या सगळ्या धांदलीत, कुणाच्या तरी सायकलला लावलेल्या पिशवीतून, एक दिवस नवी बाजरी येते.

ती आली की माझ्या लेखी शरद आला. पंचांग काहीही म्हणो.

नवी बाजरी हाताला कळते. रंग हिरवट-राखाडी, दाणा गार लागतो, मुठीत दाबून मूठ उघडली तर पटकन सांडत नाही, क्षणभर तळव्याला चिकटून राहते. ती ओल. तशीच चक्कीत टाकली तर दगडाला लपेटते, पीठ गुठळ्यांनी पडतं, मोटर कण्हायला लागते. मग दळणारीला चक्की थांबवून दगड खरवडत बसावं लागतं. म्हणून मी ती परत पाठवते, दोन दिवस उन्हात टाका म्हणते. लोक रागावतात; मागच्या हंगामात एक जण "तुन्ही गिरणी तुले लखलाभ" म्हणून निघूनही गेला, तिसऱ्या दिवशी वाळवून घेऊन आला. ऊन खाल्लेली बाजरी दळताना जो वास सुटतो तो जुन्या बाजरीला कधीच येत नाही. मातीचा, थोडा गवताचा, थोडा दुधाचा. दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसं बोलायची थांबतात. दालचिनीच्या मेणबत्तीला हा वास जमेल असं मला वाटत नाही.

तेव्हा पहिला प्रकार हा: घरात नवी बाजरी आणा आणि आठवड्यापुरतीच दळा. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळून हवा लागली की आठ-दहा दिवसांत पीठ कडसर होतं. गरम पाण्यात मळायची, पण एकदम सगळी नाही, एका भाकरीपुरता गोळा. तळहाताच्या पायथ्याने रगडायची. नव्या बाजरीला चिकटपणा चांगला असतो, ती थापताना कडेला फाटत नाही. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी आटलं की उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. गॅसवरही फुगते, नाही असं नाही. पापुद्रा सुटला की त्यात लोणी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा. पहिली भाकरी देवापुढे ठेवायची, दुसरी शेजारी द्यायची. आमच्याकडे सातपुड्यातली पावरा-भिल्ल मंडळी नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत, नवाई करतात. आपण शहराच्या वाटेवरची माणसं तेवढं नेमाने करत नसू, पण नव्या धान्याचा पहिला घास ओळखून खायला काय हरकत आहे? आता बारा महिने पाकिटात पीठ मिळतं. नवं कधी आलं आणि जुनं कधी संपलं हे घरातल्या कुणालाच कळत नाही.

नव्या उडदाचंही तसंच. उडीद भाद्रपदातच घरात येतो. ज्वारी अजून वावरात उभी असते, त्यामुळे कळण्याला ज्वारी जुनी आणि उडीद नवा असा जोड जमतो. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट उडीद, थोडं खडेमीठ, सगळं एकत्र दळायचं. कळण्याची भाकरी काळपट दिसते; पुण्या-मुंबईचे पाहुणे आधी नाक मुरडतात, मग दुसरी मागतात. भरताची घाई मात्र करू नका. आता बाजारात वांगी दिसतात, पण आमच्या हिरव्या भरिताच्या वांग्याला थंडी लागते. ज्याचं त्याला वेळेवर येऊ द्यावं.

खाण्याचं झालं. बघण्याचं सांगते, ते त्याहून स्वस्त.

२२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात आणि सूर्य नेमका पूर्वेला उगवतो. माझ्या गिरणीचं दार पूर्वेचं. त्या दिवसांत सकाळचं ऊन उंबऱ्यावरून सरळ आत येतं आणि चक्कीच्या पायाशी पडतं. पुढे ते रोज थोडं थोडं उत्तरेच्या भिंतीकडे सरकतं, कारण सूर्य दक्षिणेला चाललेला असतो. नातीने भिंतीवर खडूने खुणा करायला सुरुवात केली, दर रविवारी एक, तारीख घालून. दिवाळीपर्यंत खुणांची रांग लागते. भूगोलाच्या पुस्तकात दक्षिणायन वाचून तिला जे कळलं नव्हतं ते खडूने कळलं. यंदा भिंतीला रंग द्यायचा होता, तिने देऊ दिला नाही.

पहाटे उठणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर पाचच्या सुमाराला दक्षिणेकडे बघा. वर व्याध लखलखत असतो. त्याच्या बराच खाली, क्षितिजापासून हात लांब करून दीड मूठ उंचीवर एक एकटा तेजस्वी तारा दिसतो, तो अगस्ती. रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी हाच. मी गिरणी झाडायला उठते तेव्हा समोरच्या घराच्या टाकीच्या बाजूला दिसतो. अगस्ती उगवला की पाणी निवळतं असं जुने लोक सांगतात. पाऊस ओसरतो, नदीतला गाळ खाली बसतो, आणि त्याच सुमाराला हा तारा पहाटे दिसायला लागतो. दोन्ही गोष्टी एका वेळेला होतात म्हणून त्या जोडल्या गेल्या असतील. तापीच्या पुलावर उभं राहिलं की खरंच फरक दिसतो. श्रावणातलं चहाच्या रंगाचं पाणी आश्विनात हिरवट-निळं होतं, काठाजवळ तळाचे गोटे दिसायला लागतात. आणि ज्या मुलखातली पानगळ आपण पुरवणीत छापली, त्या युरोपच्या उत्तरेकडच्या भागात हा अगस्ती क्षितिजाच्या वर येतच नाही. तो आपल्या वाट्याचा आहे. बघायला पैसे पडत नाहीत, फक्त लवकर उठावं लागतं, आणि तेच लोकांना महाग पडतं.

दसऱ्याच्या आगेमागे धोबी पक्षी येतात. पांढरे-काळे, चिमणीपेक्षा लांब, शेपूट सारखी खालीवर हलवत मोकळ्या जागेत पळणारे. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतात म्हणे एवढेसे जीव. गिरणीसमोर सांडलेले दाणे टिपायला चिमण्या-पारवे असतात, धोबी त्यांच्यात मिसळत नाही. तो किड्यांवर असतो. लांबवर पक्षी बघायला ज्यांना जमेल त्यांनी पुढे हिवाळ्यात हतनूर धरणावर जावं, बदकं तिथे उतरतात. धोबी मात्र घरपोच येतो.

आता गुलाबाई. तुमच्या जळगावात भुलाबाई म्हणतात. हा विषय निघाला की मला थांबता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी रोज संध्याकाळी जमतात. कुंभाराकडून आणलेली शंकर-पार्वतीची जोडी पाटावर, पुढे टिपऱ्या आणि गाणी. सासर-माहेर, रुसवे-फुगवे, सगळं त्या गाण्यांतून. आणि शेवटी खाऊ. हा खाऊ उघडून द्यायचा नसतो, ओळखायचा असतो. ज्या घरी गुलाबाई त्या घरची पोर पितळी डबा घेऊन मधे बसते आणि एकेकीच्या कानाशी नेऊन हलवते. चुरमुऱ्यांचा आवाज सरसर, शेंगदाण्यांचा टणटण, वड्यांचा थबथब. लाडू असेल तर एकच जड धप्प. हुशार आया डब्यात फडकं घालून आवाज दाबत, की पोरी गोंधळल्या पाहिजेत. मग वास घ्यायचा, डब्याचं वजन बघायचं, "गोड की तिखट?" विचारायचं. आमच्या वेळी एकीच्या आईने डब्यात काकडीच्या फोडी ठेवल्या होत्या, आणि आख्खी गल्ली हरली होती. कोजागिरीला ज्वारीच्या ताटांचा मांडव उभा करायचा, खिरापती जितक्या जमतील तितक्या, आणि जागरण.

आज आमच्या भागात हे जवळजवळ बंद पडलंय. मोठ्या शहरांत संस्था भुलाबाईच्या स्पर्धा घेतात, मंचावर एकसारख्या नऊवाऱ्या नेसून पोरी गातात, परीक्षक गुण देतात. वाईट नाही, गाणी तरी टिकतात. पण खाऊचा डबा मंचावर जात नाही. कानाशी डबा हलवणं हे आठ-दहा जणींतच होतं, ओसरीवर. त्याला स्पीकर लागत नाही. नवरात्रात आमच्याकडे गुजरातची हवा शिरून गरबा जोरात असतो, मलाही आवडतो, पण रात्री अकराला भिंतीची माती पडेल इतका आवाज कुणाच्या भक्तीला हवा आहे हे समजत नाही. ज्यांच्या घरी सहा ते बारा वयाची मुलं आहेत त्यांनी एवढंच करावं: आठवड्यातून एक संध्याकाळ, एक डबा, त्यात काहीतरी, आणि शेजारची चार पोरं. मुलगेही घ्या. गाणी येत नसतील तर आजीला विचारा, आजीला निम्मी आठवतात, उरलेली ती रचते. गेल्या वर्षी मी गिरणीत बसून हे सुरू केलं. दळणाच्या रांगेतल्या बायकांनी डबा हलवला, त्यात साधी खारी बुंदी होती, पण नवऱ्याचा फोन आला तरी उचलायला कुणी तयार नव्हती. एक आजी तर "ओ माय, मन्हं दळण व्हयनं का?" विचारायला आल्या आणि डबा ओळखूनच गेल्या.

कोजागिरीकडे येते, कारण माझी मुख्य मागणी तिथे आहे.

आश्विन पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता पूर्वेला वर येतो आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो. आषाढातली पौर्णिमा बघा, चंद्र दक्षिणेला खाली रेंगाळतो, तोही ढगात. आश्विनात तो वर चढलेला असतो आणि आभाळ मोकळं असतं. म्हणून दुधाच्या पातेल्यात तो नीट पडतो. लोकांनी ही रात्र उगीच निवडलेली नाही. आमच्याकडची कितीतरी माणसं या दिवसासाठी सप्तशृंगीच्या गडावर चालत जातात. कोजागिरीला तिथे नद्यांचं पाणी कावडींनी येतं आणि देवीला त्याचा अभिषेक होतो. ज्यांना जमतं ते जातात. बाकीचे गच्चीवर.

पण गच्चीवर गेलं की काय दिसतं? चौकातला हायमास्ट. शेजाऱ्याच्या गेटवरचा पांढरा एलईडी. समोरच्या मंगल कार्यालयाची फिरती रोषणाई. दूध आटवलेलं असतं, त्यात बदाम-चारोळी-केशर पडलेलं असतं, पातेलं मधोमध ठेवलेलं असतं, आणि त्यात पडतो तो हायमास्ट. मागच्या कोजागिरीला आमच्या गच्चीवर यावरून भांडण झालं: धाकटे दीर म्हणाले हाच चंद्र समजा. मी खाली गेले, शेजारच्या भाऊंना सांगून त्यांचा दिवा बंद करवला, मग त्यांच्या शेजारच्यांना सांगितलं. हायमास्ट आपल्या हातात नव्हता, म्हणून पातेलं उचलून टाकीच्या सावलीत नेलं. तिथे चंद्र पडला, थोडा हलत, साय धरत आलेल्या दुधावर. दीर सगळ्यांच्या आधी पेला घेऊन उभे.

तर मागणी अशी. कोजागिरीच्या रात्री अकरा ते बारा, फक्त एक तास, वस्तीतल्या आतल्या गल्ल्यांचे दिवे आणि ज्यांच्या-त्यांच्या घराबाहेरचे बल्ब बंद ठेवावेत, असं आवाहन आपल्या वर्तमानपत्राने करावं. मोठा रस्ता, दवाखाना, बसस्टँड यांना हात लावायचा नाही. म्हाताऱ्या माणसांनी जिना उतरू नये, पोरांनी दुचाकी बाहेर काढू नये. चंद्राचा उजेड इतका असतो की ओट्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो.

सीताफळाचं थोडक्यात. डोंगरातल्या बाया डोक्यावर टोपली घेऊन बाजारात येतात. त्यांच्याकडून घ्या, भावात फार ताणू नका. त्या पहाटे निघालेल्या असतात. डोळे उघडलेलं, खाचांतून पांढरट-गुलाबी रेघ दिसणारं फळ निवडा, घरी धान्यात दोन दिवस दाबून ठेवा. चमचा नको.

आता उलटी बाजूही लिहायला हवी, नाहीतर मीही पुरवणीतल्या पानासारखी होईन. शरद हा आजाराचा काळ आहे. ‘वैद्यानां शारदी माता’ असं म्हणतात, म्हणजे वैद्यांची आई हा ऋतू. तिच्या जिवावर त्यांचं घर चालतं. पावसाने ओली झालेली जमीन आणि वरून एकदम कडक ऊन. आयुर्वेदाने या दिवसांत पित्त खवळतं असं सांगितलंय. शिवाय डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडायला तयार होतो. खान्देशातल्या बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरी पिंप, टाकी, हौद भरलेले. आठवड्यातून एकदा रिकामं करून, आतून घासून, दुपारभर कोरडं ठेवा. घासायचं हे महत्त्वाचं, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. याला सण म्हणत नाहीत, पण मी आमच्या घरी शुक्रवारच ठरवून टाकलाय, आणि त्या दिवशी पिंप घासणाऱ्याला मसाला दूध मिळतं.

दुसरं, शेतकऱ्याचं. दसऱ्याच्या सुमाराला कपाशीची बोंडं फुटतात. पहिल्या वेचणीला वावरात दहीभात नेऊन पूजा करायची, चारी दिशांना थोडा शिंपडायचा, मग ओटीत पहिली बोंडं घ्यायची. सीतादही म्हणतात त्याला. माझ्या माहेरी अजून करतात. पण मान्सून महाराष्ट्रातून निघायचे दिवस आणि बोंडं फुटायचे दिवस एकच. परतीचा पाऊस दोन दिवस जरी लागला तरी फुटलेला कापूस लोंबतो, काळा पडतो, कणसातली ज्वारी डागाळते, बाजरीला झाडावरच कोंब येतात. तशी बाजरी माझ्याकडे दळायला येते तेव्हा मी वासाची गोष्ट कुणाला सांगत नाही, गप दळून देते. ज्याच्या वावरात पाणी साचलंय त्याच्या दारात जाऊन शरदाचं स्वागत करा म्हणू नये. त्याच्याकडचा डागाळलेला माल पूर्ण नाही तरी बऱ्या भावात घेता आला तर घ्यावा. भाकरी थोडी काळी होते, कडू होत नाही. बुरशी दिसली तर मात्र कुणीच खाऊ नये, आणि मीही दळत नाही.

शेवटी आपल्याकडे एवढंच. आपण रोज पहिल्या पानावर सोन्याचा भाव छापता. जळगावचं सोनं, तो लागतोच. त्याच्याशेजारी आश्विन आणि कार्तिक असे दोन महिने बोटभर जागा द्या: सूर्योदय, चंद्रोदय, आणि जिल्ह्यात त्या दिवशी काय नवं निघालं, बाजरी, पहिली कापूसवेचणी, सीताफळ. वाचकांकडून मागवलंत तर रोज भरेल. आमच्या भागातलं मी कळवीन, गिरणीत सगळ्यात आधी कळतं. आणि कोजागिरीच्या दिव्यांचं आवाहन निदान आठ दिवस आधी छापा. गल्लीतल्या प्रत्येकाला समजावून सांगायला तेवढा वेळ लागतोच.

आपली नियमित वाचक,
चोपडा, जि. जळगाव

ता. क. पुढच्या पुरवणीत भोपळा छापायचाच असेल तर कुंपणावर चढलेल्या डांगराचा छापा. कोरू नका, भाजी करा.